लाइफलाइन सवलतीची पडताळणी: ग्रंथालयातल्या मदत-टेबलाच्या नोंदी

ठिकाण: अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया राज्य, फिलाडेल्फियाजवळच्या उपनगरातलं एक सार्वजनिक ग्रंथालय. काम: कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना 'लाइफलाइन' ही फोन-इंटरनेटची सवलत मिळावी म्हणून अर्ज भरायला मदत करणं. त्यातही रोख एकाच गोष्टीवर: अर्ज कागद न जोडता, सरकारी नोंदींच्या जुळणीवरच पास व्हावा. दुसऱ्या गावात असं टेबल लावणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत. इथल्या देशी कुटुंबांत आईवडील नंतर येऊन राहिलेले असतात, त्यांच्या नावांचा घोळ वेगळाच, म्हणून तो भाग जरा सविस्तर आहे.

४ मार्च २०२५: सामान आणि पहिला कागद

लॅपटॉप आणि प्रिंटर ग्रंथालयाचे. सपाट काचेचा जुना स्कॅनर ४० डॉलरला. पडद्यावर लावायची काळी फिल्म २५ डॉलरला; अर्जात जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे (इथल्या सरकारी ओळख क्रमांकाचे) शेवटचे चार आकडे टाकावे लागतात आणि मागे रांग असते, त्यामुळे ही फिल्म चैन नव्हे.

टेबलावर सगळ्यात आधी एक कागद चिकटवला: "३० डॉलरवाली योजना बंद झाली आहे." ती एसीपी, म्हणजे इंटरनेटच्या बिलात महिना ३० डॉलरपर्यंत सवलत देणारी केंद्राची योजना. ७ फेब्रुवारी २०२४ नंतर तिचे नवे अर्ज थांबले, पूर्ण सवलतीचा शेवटचा महिना एप्रिल, आणि १ जून २०२४ ला योजना संपली. तरी लोक अजून तिच्याच नावाने विचारतात. हा कागद नसेल तर प्रत्येकाशी पहिली दहा मिनिटं त्याच्यावरच जातात.

आता उरली ती लाइफलाइन. १९८५ पासूनची, रक्कम लहान: इंटरनेट किंवा फोन-इंटरनेट एकत्र असेल तर महिना ९.२५ डॉलर, नुसता फोन असेल तर ५.२५. आदिवासी राखीव प्रदेशात ही रक्कम ३४.२५ पर्यंत जाते, आमच्या भागाला ते लागू नाही. मोबाइल कंपन्या बहुधा तेवढ्या सवलतीत बसणारा फुकट प्लॅनच देतात. एफसीसी या केंद्रीय दूरसंचार नियामकाचं किमान माप मोबाइल इंटरनेटसाठी महिना ४.५ जीबी, बोलण्यासाठी १,००० मिनिटं. यात नातवाशी रोज तासभर व्हिडिओ कॉल बसत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

६ मार्च: माहिती कुठून कुठे जाते

अर्ज 'नॅशनल व्हेरिफायर' नावाच्या यंत्रणेत जातो. ती एफसीसीच्या वतीने यूसॅक ही संस्था चालवते. पूर्वी पात्रता फोन कंपन्याच तपासायच्या, म्हणजे ज्याला ग्राहकामागे पैसे मिळणार तोच परीक्षक. २०१७ साली जीएओ या केंद्राच्या लेखापरीक्षण संस्थेने सुमारे ३५ लाख ग्राहकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा ३६ टक्क्यांची पात्रता सिद्ध होऊ शकली नव्हती. व्हेरिफायर आणण्याचा निर्णय त्याआधीच, एफसीसीच्या २०१६ च्या आदेशात झाला होता. जून २०१८ मध्ये सहा राज्यांत तो सुरू झाला आणि मग देशभर पसरला.

टेबलासाठी कामाचा भाग एवढाच. अर्जदाराला आधीच एखादा ठरावीक सरकारी लाभ मिळत असेल तर त्यावर लाइफलाइन मिळते, नाहीतर कमी उत्पन्नावर. व्हेरिफायर तो लाभ देणाऱ्या खात्याला चार गोष्टी पाठवतो: नाव, आडनाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे. समोरून फक्त "हो" किंवा "नाही" येतं. किती रक्कम मिळते, घरात कोण कोण आहे, काय आजार आहे, यातलं काही जात-येत नाही. लोकांना हे सांगितलं की अर्धी भीती जाते.

याची दुसरी बाजू मात्र त्रासाची. "नाही" आलं तर का आलं हे कळत नाही. नोंदच नाही, की नोंद आहे पण एक अक्षर वेगळं, की लाभ मागच्या महिन्यात बंद झाला? उत्तर तिन्ही वेळा सारखंच.

नोंदी मुख्यतः या ठिकाणी तपासल्या जातात: राज्याचं मानवी सेवा खातं (स्नॅप म्हणजे अन्नधान्याची मदत, आणि मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी आरोग्य विमा), केंद्राची सीएमएस ही आरोग्य विम्याची संस्था (मेडिकेड), आणि एचयूडी हे केंद्राचं गृहनिर्माण खातं (सरकारी घरं आणि सेक्शन ८ ची, म्हणजे भाड्याच्या मदतीची, व्हाउचर). केंद्र-राज्य जुळणीचे करार खासगीपणाच्या कायद्याखाली होतात. एका कराराची मुदत १८ महिने, नंतर फार तर १२ महिने वाढ. एखाद्या राज्यातले सगळेच अर्ज अचानक कागद मागू लागले तर अर्जदारांची नावं उकरत बसण्याआधी जोडणी चालू आहे का ते विचारावं. लाइफलाइनचं मदत केंद्र: ८००-२३४-९४७३.

उत्पन्नाच्या आधारावर केलेल्या अर्जाला मात्र अशी कुठलीच जोडणी नाही. तो नेहमी कागदावर जातो.

११ मार्च: नावं

पहिल्या आठवड्यात जे अर्ज अडकले त्यात बहुतेकांचा लाभ चालू होता. अडलं ते नावापाशी.

उदाहरण घेऊ. समजा नाव सुमन रमेश कुलकर्णी. भारतीय पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात 'सुमन रमेश' आणि 'सरनेम'मध्ये 'कुलकर्णी'. सोशल सिक्युरिटी कार्डावर तिन्ही शब्द एका ओळीत. काउंटीच्या (इथल्या जिल्ह्याच्या) ऑफिसात स्नॅपचा अर्ज ज्याने संगणकात भरला त्याने 'सुमन' नाव, 'रमेश' मधलं नाव असं टाकलं असेल, किंवा 'सुमनरमेश' असं जोडून, किंवा आडनावाच्या जागी 'रमेश कुलकर्णी'. तिन्ही प्रकार टेबलावर आले. बाईंना विचारलं तर त्या साहजिकच "सुमन कुलकर्णी" सांगतात, कारण त्यांच्या लेखी तेच बरोबर.

तेव्हापासून नियम: अर्जाला हात लावण्याआधी लाभाचं पत्र मागायचं. पासपोर्ट नको, लायसन्स नको. ज्या खात्याच्या नोंदीशी जुळवायचं त्या खात्याचं पत्र. त्यावर नाव जसं तुटलेलं आहे तसंच, त्याच अक्षरांत भरायचं. पत्रावर स्पेलिंग चुकलं असेल तरी पहिल्यांदा तसंच.

पत्राच्या वरच्या पत्त्यातलं नाव आणि आतल्या तक्त्यातलं नाव कधी कधी वेगळं असतं. पत्त्यात कुटुंबप्रमुखाचं नाव येतं, तक्त्यात प्रत्येक सदस्याची ओळ. तक्त्यातलं घ्यायचं.

काही जणांच्या नोंदीत पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' असतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असला की अमेरिकेच्या व्हिसावर सगळं नाव आडनावात जातं आणि पहिल्या नावाच्या जागी ही तीन अक्षरं येतात, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. पुढे ती अक्षरं ज्या खात्याने जशी उतरवली तशी राहतात. अशा माणसाचा अर्ज यंत्राच्या भरवशावर ठेवूच नये. कागद तयार ठेवूनच सुरुवात करावी.

जन्मतारखेचंही एक. आपल्याकडे दिवस आधी, इथे महिना आधी. ५ ऑगस्टची ८ मे झालेली नोंद सापडते, आणि १२ तारखेपर्यंतच्या कुठल्याही जन्मतारखेत हा उलटफेर कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. पत्रावर जन्मतारीख नसेल तर कॉम्पास या राज्याच्या पोर्टलवर अर्जदाराला स्वतःच्या खात्यात शिरायला सांगून तिथली बघायची.

१८ मार्च: "मेडिकेड नाही हो आमच्याकडे"

हे वाक्य ऐकून पुढे गेलं की घात होतो. पेनसिल्व्हेनियात मेडिकेडला 'मेडिकल असिस्टन्स' म्हणतात आणि बहुतेकांना सेवा मिळते ती एखाद्या खासगी विमा कंपनीच्या योजनेतून. पाकिटात कार्ड त्या कंपनीचं. 'मेडिकेड' हा शब्द त्यांनी कधी वाचलेलाच नसतो. म्हणून प्रश्न बदलला: "अ‍ॅक्सेस कार्ड आहे का?" राज्याचं हे कार्ड दाखवलं की उलगडा होतो.

उलटा सापळा चिपचा. मुलांचा आरोग्य विमा म्हणजे चिप आणि मेडिकेड, दोन्ही तीच विमा कंपनी चालवत असू शकते. कार्डं सारखी दिसतात. पण चिपवर लाइफलाइन मिळत नाही, मेडिकेडवर मिळते. विमा कंपनीचं कार्ड बघून ठरवू नका, राज्याचं पत्र बघा.

एसएसआय (गरीब वृद्धांना आणि अपंगांना केंद्राकडून मिळणारी मासिक रक्कम) घेणाऱ्यांना आता मेडिकेडच्या चौकटीतही खूण करायला सांगतो. या राज्यात एसएसआय मिळणाऱ्याला मेडिकल असिस्टन्स आपोआप मिळतं, आणि मेडिकेडची जोडणी तर आहेच. नुसती एसएसआयची खूण करून कागद शोधत बसण्यापेक्षा हे सोपं. जे जे लाभ खरोखर चालू आहेत त्या सगळ्यांवर खूण करायची. एक जरी जुळला तरी पुरतो.

जुन्या एसीपीच्या सवयीने लोक विकचं (आई-बाळांच्या पोषणाच्या मदतीचं) पत्र, पेल ग्रँटचं (कॉलेजच्या अनुदानाचं) पत्र, शाळेच्या मोफत जेवणाचं पत्र घेऊन येतात. नेहमीच्या लाइफलाइनला यातलं काही चालत नाही. अपवाद घरगुती छळातून सुटून फोनची लाइन वेगळी करून घेतलेल्यांचा: त्यांना सहा महिन्यांपर्यंत लाइफलाइन मिळू शकते आणि त्यांच्या पात्रतेची यादी मोठी आहे. अशी व्यक्ती आली तर टेबलावर चारचौघांत बोलायचं नाही, आतल्या खोलीत बसवायचं. विजेच्या आणि गॅसच्या बिलाची मदत म्हणजे लाइहीप. ती २०१६ च्या आदेशाने यादीतून निघाली. एसीपीची उत्पन्नमर्यादा दारिद्र्यरेषेच्या २०० टक्के होती, लाइफलाइनची १३५. २०२५ च्या आकड्यांप्रमाणे ती एकट्या माणसाला वर्षाला २१,१२८ डॉलर, दोघांना २८,५५३ होती. मधल्या पट्ट्यातली माणसं हात हलवत परत जातात आणि त्यावर टेबलाकडे काही उपाय नाही.

२७ मार्च: पत्ते

ज्येष्ठांच्या एका इमारतीतून एकाच दिवशी बरेच जण आले. पहिल्याचा अर्ज गेला, दुसऱ्यापासून सगळे "या पत्त्यावर आधीच लाइफलाइन आहे" म्हणून थांबले. कारण साधं: फ्लॅट क्रमांक रस्त्याच्या ओळीतच लिहिला होता. त्याचा वेगळा रकाना आहे, तिथे टाकला की बरेच सुटले.

जे सुटले नाहीत त्यांच्यासाठी कुटुंबाचा तक्ता, फॉर्म ५६३१. लाइफलाइन माणशी नाही, घरटी एक. पण 'घर' म्हणजे छप्पर नव्हे. उत्पन्न आणि खर्च एकत्र असलेली माणसं म्हणजे एक घर. मुलाकडे राहणारे आईवडील मुलाच्याच पैशांवर असतील तर एकच घर धरलं जातं. आपला खर्च आपण बघत असतील तर त्याच पत्त्यावर ते वेगळं घर होऊ शकतात. नवराबायको मात्र एकत्र राहत असतील तर एकच घर. हे शपथेवर लिहून द्यायचं असतं, त्यामुळे उत्तर टेबलाने सुचवायचं नाही. प्रश्न मराठीत किंवा हिंदीत समजावून सांगायचा, हो-नाही त्यांचं.

एचयूडीच्या बाबतीत: भाडं कमी आहे म्हणून इमारत सरकारी ठरत नाही. कर-सवलतीतून बांधलेल्या इमारतींत भाडं कमी असतं, पण नुसत्या त्या आधारावर लाइफलाइन मिळत नाही. सार्वजनिक गृहनिर्माण, सेक्शन ८ चं व्हाउचर किंवा इमारतीला जोडलेलं भाडे-साहाय्य असावं लागतं. भाडेकराराच्या पुरवणीवर एचयूडीचं नाव आहे का ते बघा.

पोस्टाची पेटी मुख्य पत्ता म्हणून चालत नाही. नव्या वस्तीतला रस्ता पोस्टाच्या यादीत नसेल तर नकाशा उघडून घरावर टाचणी ठेवायची सोय आहे; ती छपरावर ठेवायची, रस्त्यावर नाही.

८ एप्रिल: कागद मागितले तर

यंत्र "नाही" म्हणालं तर अर्ज मरत नाही, माणसाकडे जातो. कागदावर चार गोष्टी दिसल्याच पाहिजेत: लाभार्थ्याचं पूर्ण नाव, योजनेचं नाव, देणाऱ्या खात्याचं नाव, आणि गेल्या १२ महिन्यांतली तारीख (किंवा पुढची मुदत). चारातली एक नसेल तर परत.

सगळ्यात जास्त नाकारला गेलेला कागद म्हणजे स्नॅपच्या कार्डाचा फोटो. कार्डावर तारीख नसते. दुकानाच्या पावतीवर शिल्लक दिसते, पण नाव नसतं. चालतं ते पात्रतेचं पत्र, आणि त्याची सगळी पानं. पहिल्या पानावर तारीख आणि खातं, तिसऱ्या पानावर नावांचा तक्ता असं असतं. एकच पान पाठवलं की अर्धी माहिती गायब.

मोबाइलने काढलेले फोटो सोडून दिले. टेबलावरच्या दिव्याची चकाकी नेमकी तारखेवर पडायची, कडा कापल्या जायच्या. स्कॅनरवर सगळी पानं एका पीडीएफमध्ये घेतली की परत येणं जवळजवळ थांबलं. ४० डॉलर सर्वांत चांगले खर्च झाले ते इथे.

पत्र हरवलं असेल तर कॉम्पासवरून डाउनलोड होतं. पासवर्ड आठवत नसेल तर तेवढ्यावर दुपार जाते, म्हणून आता भेटीची वेळ देतानाच सांगतो: पत्र आणा, नाहीतर कॉम्पासचा पासवर्ड घरी तपासून या.

उत्पन्नावर अर्ज असेल तर मागच्या वर्षीचं कर-विवरण सर्वांत सरळ. पगाराच्या पावत्या द्यायच्या तर सलग तीन महिन्यांच्या. मधली एक नसली तरी परत येतो. रोखीने पगार घेणाऱ्यांची इथे फार ओढाताण होते.

कागद पूर्ण करायला ४५ दिवस. त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून.

१७ एप्रिल: ओळख पटत नाही

लाभाची जुळणी आणि ओळखीची जुळणी या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. हे न कळल्यामुळे काही दिवस चुकीचे कागद चढवले गेले. "ओळख पटली नाही" असा संदेश असेल तर स्नॅपचं पत्र देऊन काही होत नाही. तिथे जन्मतारखेसाठी चालू मुदतीचा सरकारी ओळखपुरावा आणि सोशल सिक्युरिटीच्या आकड्यांसाठी ते कार्ड, किंवा पूर्ण क्रमांक असलेला डब्ल्यू-२ (मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला) किंवा कर-विवरण लागतं.

ज्यांचा इथे कर्जाचा, भाड्याचा, विजेच्या बिलाचा इतिहास नाही त्यांना ही पायरी हमखास अडवते, कारण ओळख तपासली जाते ती व्यावसायिक माहितीसाठ्यातून. मुलाच्या घरात राहणाऱ्या सत्तरीच्या आईच्या नावावर काहीच नसतं. म्हणून अशा अर्जदारांना कार्ड आणि पासपोर्ट पहिल्याच भेटीला आणायला सांगतो.

अडचण अशी येते: स्नॅपच्या पत्राप्रमाणे नाव भरलं तर लाभ जुळतो पण ओळख पटत नाही, कार्डाप्रमाणे भरलं तर उलट. दोन्हींत एक निवडायचं तर लाभाच्या बाजूने भरा आणि ओळखीचे कागद जोडा. कार्ड आणि पासपोर्ट घरात असतातच. लाभाचं ताजं पत्र मिळवायलाच वेळ लागतो.

६ मे: पात्र ठरलं म्हणजे फोन मिळाला असं नाही

"पात्र" असा संदेश आला की लोक घरी जातात आणि पोस्टाने फोन येण्याची वाट बघतात. व्हेरिफायर फक्त दाखला देतो. पुढे ९० दिवसांच्या आत एखाद्या कंपनीकडे जाऊन सेवा सुरू करायची असते, नाहीतर दाखला बाद. आता टेबलावरून उठण्याआधीच कंपनी निवडून तिचा फॉर्म उघडतो. आपला पिन कोड टाकला की लाइफलाइनच्या संकेतस्थळावर कंपन्यांची यादी येते. यादीतल्या प्रत्येकीचं नेटवर्क घरात पोचेलच असं नाही. शेजाऱ्याला विचारणं हाच उत्तम नकाशा.

दुकानांबाहेर तंबू लावून बसणाऱ्या एजंटांबद्दल लोक विचारतात. त्यांची नोंदणी असावी लागते आणि अर्जांच्या संख्येवर कमिशन द्यायला २०१९ च्या आदेशाने बंदी आहे. तरी सही करण्याआधी विचारा: हा नवा अर्ज आहे, की चालू सवलत दुसऱ्या कंपनीकडे वळवताय? वळवली की जुन्या प्लॅनवरची सवलत संपते. एका आजोबांच्या घरच्या इंटरनेटचं बिल अचानक ९.२५ डॉलरनी वाढलं ते याचमुळे. तंबूतला फोन फुकट होता, पण सवलत घरच्या लाइनवरून उचललेली होती. घरची लाइन जास्त उपयोगाची होती. परत वळवून घेतली, मधल्या महिन्याचं बिल मात्र भरावं लागलं.

२० मे: मुलाच्या नावावरून

आईवडिलांपैकी कुणालाच लाभ नाही, पण इथे जन्मलेल्या मुलाला मेडिकेड आहे. अशी घरं बरीच. अर्जात "माझ्या मुलामुळे किंवा माझ्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तीमुळे मी पात्र आहे" अशी चौकट आहे. ती निवडली की मुलाचं नाव, जन्मतारीख आणि चार आकडे मागतो. ही चौकट लोकांना माहीतच नसते आणि घाईत सुटते. यंत्र मग आईच्या नावाने शोधतं, आणि तिथे काही नसतंच.

इथेही वरचाच नियम. मुलाचं नाव राज्याच्या पत्रावर असेल तसं. जन्मानंतर लगेच केलेल्या नोंदीत नावाच्या जागी नुसतं 'बेबी बॉय' राहून गेलेलं असू शकतं. आधी ते बदलून घ्या.

१० जून: बंद पडलेले फोन

मार्चमधले काही फोन बंद झाल्याचं कळलं. पात्रता शाबूत होती. फोन कपाटात होता.

प्लॅन पूर्ण फुकट असेल तर ३० दिवस वापर नसल्यावर कंपनी नोटीस देते आणि पुढच्या १५ दिवसांत वापर झाला नाही तर सेवा काढून घेते. वापर म्हणजे फोन लावणं, एसएमएस पाठवणं, डेटा वापरणं, किंवा कंपनी सोडून दुसऱ्या कुणाचा आलेला फोन उचलणं. नुसता आलेला एसएमएस धरत नाहीत. घरच्या वायफायवर केलेला व्हॉट्सअ‍ॅप कॉलही कंपनीच्या डेटावर जात नाही, आणि आजीआजोबांचा फोन दिवसभर वायफायवरच असतो. उपाय सांगतो तो असा: दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला याच नंबरवरून मुलाला साधा फोन लावायचा. कॅलेंडरवर खूण करून देतो.

२७ जून: निकाल

लाइफलाइनचा पैसा ज्या युनिव्हर्सल सर्व्हिस फंडातून येतो त्याच्या उभारणीलाच आव्हान होतं. गेल्या जुलैत पाचव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने ती पद्धत घटनाबाह्य ठरवली होती. आज सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो निकाल फिरवला. टेबल चालू राहील.

८ जुलै: स्नॅप गेलं तर

४ जुलैला सही झालेल्या कायद्याने स्नॅपची कामाची अट ५४ ऐवजी ६४ वयापर्यंत वाढवली आहे आणि काही स्थलांतरितांची पात्रताही आकसली आहे. याचा लाइफलाइनशी संबंध थेट नाही, पण व्हेरिफायर दरवर्षी पुन्हा तपासतो. आधी यंत्र स्वतःच नोंदी बघतं. "हो" आलं तर ग्राहकाला काही करावं लागत नाही. "नाही" आलं तर पत्र येतं आणि ६० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर सेवा बंद.

म्हणून स्नॅप आणि मेडिकेड दोन्ही असणाऱ्यांना सांगतो: एक गेलं तरी दुसऱ्यावर लाइफलाइन राहते. पत्र आलं की फेकू नका, घेऊन या. दोन्ही गेलं आणि उत्पन्नही मर्यादेवर असेल तर ३० दिवसांत कळवणं ग्राहकावर बंधनकारक आहे. तेही स्पष्ट सांगतो, आवडो न आवडो. एसएमएसमधल्या दुव्यावरून पुनर्पडताळणी करू नका. पत्रावरचा नंबर किंवा नेहमीचं संकेतस्थळ वापरा.

५ ऑगस्ट: मुळातली नोंद दुरुस्त करणं

इतके महिने "पत्रावर आहे तसं भरा" हाच उपाय होता. चालतो, पण दर वर्षीच्या तपासणीत पुन्हा तोच अडथळा येऊ शकतो, आणि ज्यांची ओळख आणि लाभ दोन नावांनी आहेत त्यांची कटकट संपत नाही. आता अशांना काउंटीच्या मदत कार्यालयात नोंदच दुरुस्त करायला पाठवतो.

सोबत न्यायचं: सोशल सिक्युरिटी कार्ड, पासपोर्ट, लाभाचं पत्र, आणि एका कागदावर तीन ओळी: 'नाव', 'मधलं नाव', 'आडनाव', समोर कसं हवं ते मोठ्या अक्षरांत. तोंडी सांगण्यात पुन्हा घोळ होतो. हेच कागद कॉम्पासवर चढवता येतात, पण "नाव बदललं" असं लिहू नका; लग्नाचा किंवा कोर्टाचा कागद मागितला जातो. "नोंदीत नाव चुकीच्या रकान्यात आहे" असं लिहा. सोशल सिक्युरिटीचीच नोंद चुकली असेल तर आधी तिथे जा. काउंटीचं ऑफिस त्यांच्याशी ताडून बघतं आणि त्यांच्याकडचं चुकलेलं नाव परत येऊन बसतं.

दुरुस्तीनंतर लगेच अर्ज करू नये. कॉम्पासवर नवं नाव दिसू लागलं की मग. केंद्राच्या मेडिकेड नोंदीत ते आणखी उशिरा पोचतं, त्यामुळे स्नॅप असेल तर राज्याच्या जोडणीतून आधी जुळतं. ज्यांचा लाइफलाइन चालू आहे त्यांनी नवा अर्ज करायचाच नाही, कंपनीला कळवून तिथलंही नाव बदलून घ्यायचं. एक जुन्या नावाने, एक नव्या नावाने अशा दोन नोंदी दिसल्या तर दुबार म्हणून दोन्ही अडकतात.